निळा भाऊ, तांबडा भाऊ

माझ्या आत्याचा उजवा हात मनगटाशी वाकडा होता. तो माझ्या डोळ्यांदेखत मोडला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आजोबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि घराच्या ओट्यावर माझा बाप आणि माझा काका वल्ही उगारून एकमेकांसमोर उभे होते. ठाण्याच्या खाडीवरचा आमचा कोळीवाडा. भांडणात माणूस हाताला लागेल ते उचलतो, आणि आमच्याकडे हाताला वल्हं लागायचं.

भांडण खुंटांवरून होतं. खाडीत जाळं बांधायला लाकडी खुंट रोवलेले असतात. आजोबांचे दोन खुंट होते आणि जागा मोक्याची होती. एका उधाणाला बाबांनी जाळं लावायचं, पुढच्या उधाणाला काकांनी, असं आजोबांनी बऱ्याच वर्षांपूर्वीच ठरवून दिलं होतं. मासळी भरपूर होती तेव्हा या वाटणीवरून कुणी ब्र काढला नाही. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, जाळ्यात निवट्यांसारख्या मासळीपेक्षा फेस आणि प्लास्टिक जास्त यायला लागलं, आणि त्या कचऱ्यावरून हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले. भांडण्यासारखं काही उरलं नाही की माणसं जास्त जोरात भांडतात, हे मी तिथं शिकलो.

आत्या या दोघांची एकुलती बहीण, दोघांच्या मधली. कोपर गावात दिली होती. नवरा गेल्यावर दारुड्या दिराच्या हातचा मार खाऊन वर्षभरात माहेरी परत आली होती. त्या दिवशी ती भाकऱ्या थापता थापता तशीच पिठाच्या हातांनी धावत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. दोन्ही वल्ही एकदमच खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो फार मोठा नसतो.

हाड बसवणाऱ्यानं हात बांधला तो वाकडाच. त्यानंतर आमच्या घरात एकच प्रश्न राहिला, की वल्हं लागलं कुणाचं? आमच्या बाजूला सगळे सांगत, काकाचं. काकाच्या बाजूला सगळे सांगत, बाबांचं. मी समोर उभा होतो तरी मला दिसलं नव्हतं, आणि मी मात्र शाळेत छातीठोकपणे काकाचं नाव सांगायचो. आत्याला विचारलं की ती म्हणायची, "लागलं तां लागलं. माजा हात, मी बगून घेईन."

मग घराच्या मधोमध भिंत आली. भिंतीच्या टोकाला, पुढच्या बाजूला, आत्याची खोली उरली. तिला दोन्हीकडे दारं होती. एक आमच्यात उघडायचं, एक काकाच्यात. त्या वर्षी भाऊबीजेला ती ताट घेऊन आधी आमच्याकडे आली. विधवेनं ओवाळावं की नाही असं कुजबुजणाऱ्या शेजारणींना तिनं एका शिवीत गप्प केलं होतं. बाबांना ओवाळून ती काकाच्या दारात गेली, आणि काकानं ते ताट लाथेनं उडवलं. "त्याच्या तोंडापुढं फिरवलेलं ताट माज्याकडं आनतेस?" निरांजन अंगणात जाऊन पडलं. पुढच्या वर्षी ती आधी काकाकडे गेली, तर बाबांनी तिच्या तोंडावर दार लावलं. त्यानंतर तिनं ओवाळणं बंद केलं. भाऊबीजेच्या दिवशी ती सकाळीच मासळीची पाटी घेऊन बाहेर पडायची आणि उशिरा परत यायची. दोन भाऊ असून ताट कोरडं, असं एकदा माझ्या आईजवळ बोलून ती ढसाढसा रडल्याचं मी ऐकलं आहे.

काकाला माझ्याच वयाचा मुलगा होता. आम्ही दोघं एका पाळण्यात वाढलेलो. भिंत आल्यावर आमचं बोलणं बंद झालं, म्हणजे बंद करवलं गेलं. एकदा आम्ही दोघं चिंबोऱ्या पकडताना सापडलो तेव्हा बाबांनी मला खुंटाच्या दोरीनं मारलं. काकानं त्याला पट्ट्यानं. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही लांबूनच एकमेकांना वळ दाखवले. त्याचे जास्त होते, याचा मला थोडा हेवा वाटला.

पुढे नव्वदच्या आसपास स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून, व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. कारखाना बंद पडून घरी बसलेल्या, वस्तीतल्या एका पंचविशीच्या तरुणानं ते काढलं होतं. आत चार मशिनं, एक पंखा, आणि त्याच्या हातात कायम एक वेताची छडी. मशिनवर कुणी जास्त जोरात बुक्का मारला की त्याच जोरात छडी पाठीत बसायची. मला ती जागा आवडली. घरीही मार मिळायचा, पण इथं मला मारताही यायचं.

कोपऱ्यातल्या मशिनला दोन हँडलं होती. निळा आणि तांबडा असे दोन भाऊ पडद्यावर शेजारी शेजारी चालायचे आणि समोर येईल त्याला तुडवायचे. निळं हँडल माझं, तांबडं चुलतभावाचं. घरी बोलायचं नाही असा हुकूम होता. एका मशिनवर खेळायचं नाही असा हुकूम कुणी काढला नव्हता, कारण मशीन म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहायचो आणि नजर पडद्यावर ठेवून बोलायचो. साखळीवाल्यांना, चाकूवाल्यांना, जाड्या पैलवानांना आम्ही भिंतीवर आपटत होतो. पडलेल्याला उठू द्यायचं नाही, त्याच्या छातीवर उडी मारायची, ही युक्ती चुलतभावानं शोधली. मला त्या वेळी ज्यांना ज्यांना मारावंसं वाटायचं त्यांची तोंडं मी त्या माणसांना लावायचो. बापाचं तोंड बऱ्याच जणांना लागलेलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेमला गोष्ट होती की नाही, देव जाणे. एक राउंड संपला की पडदा काळा व्हायचा आणि जपानी की चिनी अक्षरं खालून वर जायची. मशीन चोरबाजारातून आलेलं, त्यामुळे ती अक्षरं वाचणारा ठाण्यात तरी आमच्या ओळखीचा नव्हता. सुरुवातीला एक पोरगी दिसायची, तिला माणसं उचलून न्यायची, एवढंच कळायचं. पोरं आपापली कथा लावायची. कुणी म्हणायचं ती एकाची लाइन आहे, कुणी म्हणायचं ती दोघांची आहे आणि म्हणून लफडा आहे.

एके दुपारी आत्या मला शोधत आत आली. डोक्यावर पाटी, पार्लरभर बोंबलाचा वास. पोरं नाक दाबायला लागली. मला वाटलं आता कान धरून नेणार. पण ती आम्हा दोघांना एकत्र बघून दारातच थांबली. मग पाटी खाली ठेवून मशिनजवळ आली.

"ह्यो निला कोन?"

"मी."

"नि तांबडा ह्यो. तुमी दोगं एकाच बाजूला हाव?"

"हो."

"मंग मारताव कनाला एवडं? कं केलंय त्या लोकांनी?"

पार्लरवाला हसून म्हणाला, "आत्या, याला गोष्ट नसते. नुसती मारामारी."

"बिनगोष्टीची मारामारी आमच्या घरी रोज हाय," आत्या म्हणाली. "ती पोर कोन?"

आणि तिनंच सांगून टाकलं. ती त्यांची बहीण. रेतीच्या ठेकेदारानं तिला पळवून खाडीपल्याड नेलं आहे. दोघा भावांचं आपसात पटत नाही, पण बहिणीचं नाव निघाल्यावर दोघंही एका होडीत बसले. साखळीवाला तो ठेकेदाराचा मुकादम. जाड्या पैलवान तो बाजारातला दलाल, काट्यात बोट घालून मासळी कमी तोलणारा. चाबूकवाली बाई ठेकेदाराची सासू. प्रत्येकाला तिनं नाव दिलं, खोड दिली, पाप दिलं. ती सांगत होती आणि आम्ही मारत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळत होतं की मी कुणाला आणि का मारतोय. दलालाला मी त्या दिवशी जितका मारला तितका कधीच मारला नव्हता.

मध्येच ती थांबली. "हूं म्हना. गोष्टीला हूं म्हननारा लागतो, नायतर मी चालली." आमच्याकडे म्हाताऱ्या बायका गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की गोष्ट तिथंच मरते. पार्लरमधली टपोरी पोरं, तोंडात गुटखा, एकसुरात "हूं" म्हणू लागली. गिरणीवाला डोकावून गेला, त्याला वाटलं भजन चाललंय.

मग हे रोजचं झालं. मासळी विकून आली की ती स्टुलावर बसायची. काळा पडदा आला आणि अक्षरं सरकायला लागली की सगळे तिच्याकडे वळायचे आणि ती न वाचता येणारी अक्षरं वाचून दाखवल्यासारखी बोलायची. तिला मराठीही वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिच्या लेखी दोन्ही सारखंच होतं. एक गोष्ट मात्र ती पहिल्या दिवसापासून सांगत आली. "शेवटाला दोगं भाव बहिनीला घेऊन घरी येतान. नि ती दोगांना एका ओट्यावर बशिवते, नि ओवालते." हे सांगताना तिचा वाकडा हात आपोआप वर यायचा, ताट धरल्यासारखा. गेमचा शेवट आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. शेवटचा ठेकेदार मरतच नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्यानं दोन्ही दारांत उभं राहून सांगितलं, "भाऊबीजेला मी ओट्यावर दोन पाट मांडनार. दोगं येवा. एकटा आला तरी मी ओवालनार नाय. नाय आलाव तर मी दुसरे दिवशी कोपरला जाते, दिराकडं."

बाबा म्हणाले, "जा." काका तर हसला. पण आम्ही दोघं घाबरलो. तो दीर आम्ही पाहिला होता. त्यानं एकदा तिच्या पाठीत चुलीतलं जळतं लाकूड घातलं होतं, त्याचा डाग तिच्या चोळीखालून दिसायचा. तिकडे गेली तर ती फार दिवस जगणार नाही हे आम्हाला कळत होतं. बाबांनाही कळत असणारच. पण तेव्हा त्यांचा हट्ट तिच्या जिवापेक्षा मोठा होता.

पाडव्याच्या दुपारी पार्लर खच्चून भरलं होतं. हातात दिवाळीचे पैसे, अंगावर नवे शर्ट. आम्ही दोघं त्या दिवशी असे खेळलो की आजूबाजूची मशिनं थांबली. आत्या स्टुलावर, भोवती पोरं, हुंकार चालू. ठेकेदार आला, त्याच्या हातात बंदूक. चुलतभावानं त्याला मागून धरला आणि मी त्याच्या तोंडावर इतके बुक्के मारले की अंगठ्याची कातडी निघाली. ठेकेदार पडला. उठला नाही. पोरगी दोरीनं बांधलेली होती, ती सुटली आणि पडद्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पार्लरमध्ये जो आवाज झाला तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. आत्यानं डोळे पुसले. "आली," ती म्हणाली. "चला, आता घरी."

पण पडद्यावरचे दोघं घरी जाईनात. ते वळले आणि एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांची पॉवर पुन्हा भरली. घंटा वाजली आणि वर घड्याळ उलटं पळायला लागलं.

आम्हाला वाटलं मशीन बिघडलं. चुलतभावानं हँडल हलवून पाहिलं तर तांबडा पुढे आला. पार्लरवाला मागून म्हणाला, "आता तुम्ही दोघं. कल्याणला एकानं गेम संपवलेला, तो सांगत होता, मला खरं वाटलं नव्हतं. जो जिंकेल त्याच्याकडे पोरगी जाते. तांबडा जिंकला तर तांबड्याचा शेवट, निळा जिंकला तर निळ्याचा. दोन शेवट आहेत."

"मार, मार," पोरं ओरडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आत्या, सांग ना, आता का मारतात?"

आत्या बोलेना. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती त्या पोरीकडे बघत होती. पडद्याच्या कडेला उभी, दोन्ही हात तोंडावर. घड्याळ पळत होतं. चुलतभावानं बटण दाबलं आणि माझा निळा उडून भिंतीवर आदळला. मी उठून त्याला पोटात लाथ घातली. मग पाच-सहा वेळा तो, पाच-सहा वेळा मी.

"तुज्या बापसानं तिचा हात मोडला," तो दातओठ खात पुटपुटला, पडद्याकडेच बघत.

"तुज्या बापसानं."

"तुज्या. सगल्या कोलीवाड्याला ठाव हाय."

मी हँडल सोडलं आणि खराखुरा बुक्का त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही, कारण पुढच्या क्षणाला त्यानं माझं डोकं धरून मशिनच्या कडेवर आपटलं आणि माझ्या नाकातून रक्ताची धार लागली. आम्ही खाली पडलो. मी त्याचा गळा धरला होता, त्यानं माझे केस. "आत्या, तूच सांग," तो ओरडत होता, "कुनाचं वल्हं लागलं? सांग एकदा." मीही तेच ओरडत होतो. आम्ही दोघं एकमेकांना मारत होतो आणि एकच प्रश्न विचारत होतो.

पार्लरवाल्याची छडी दोघांच्या पाठीत सपासप बसली तेव्हा आम्ही सुटलो. पडद्यावर वेळ संपला होता. निळा आणि तांबडा, दोघंही मरून पडले होते. पोरगी कडेला एकटीच उभी होती. मग तीही गेली आणि पडदा काळा झाला. त्या दिवशी अक्षरं आलीच नाहीत.

आत्यानं पाटी उचलली. आम्ही तिच्या मागून चाललो, एकमेकांपासून हात-दोन हात लांब, शर्टांच्या बाह्यांनी तोंड पुसत. गिरणी मागे पडल्यावर ती म्हणाली, "दोन शेवट हायत म्हनला नं तो?"

"हूं."

"ज्याचा त्याला?"

"हूं."

तिनं डोक्यावरची पाटी नीट केली आणि झपझप पुढे चालू लागली.

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर बाबा जाळं काढायला गेले आणि फाटलेलं जाळं खांद्यावर टाकून परत आले. उधाणाचं जाळं, पार आडवं कापलेलं. त्यांनी ते ओट्यावर आपटलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, कारण त्यावर राग नव्हता. ठरलेलं होतं सगळं. ते आत गेले आणि कोयता घेऊन आले. आई हाताला लोंबकळली तर तिला त्यांनी भिंतीवर भिरकावलं. काका त्याच्या दारातून लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. "मी कापलं नाय," तो म्हणाला, "पन कापलं असतं तर बरा झाला असता." मग दोघं ओट्यावर चढले. शेजारचे धावत आले ते अंगणाच्या पलीकडेच थांबले. आम्ही दोघं पोरं, एकाचा ओठ सुजलेला, एकाचं नाक, आपापल्या बापामागे उभे होतो. माझ्या हातात मोडकं वल्हं होतं. त्याच्याही हातात काहीतरी होतं.

आत्या खोलीतून बाहेर आली आणि पुन्हा त्याच जागी, मध्ये, उभी राहिली. ओरडली नाही. बाबांकडे वळली, तिचा वाकडा हात त्यांच्या छातीवर ठेवला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. कोयता हातातच होता, पण हात खाली आला. मग ती काकाकडे गेली. तोच हात त्याच्या छातीवर, आणि कानात काहीतरी. काकाचं तोंड उघडं राहिलं. कुऱ्हाड त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. दोघं एकमेकांकडे न बघता आपापल्या दारात गेले. बाबा आत येऊन चुलीसमोर बसले आणि रात्रीचं जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कळलं की आणखी दोघांची जाळी तशीच कापलेली आहेत. रेतीच्या बोटीचा पंखा फिरला होता त्यांवरून. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोन मुडदे पडले असते ते एका पंख्यापायी.

आत्यानं दोन पाट मांडले. बाबा आले. काका आला. दोघं शेजारी शेजारी बसले, मान खाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आत्यानं आधी थोरल्याला ओवाळलं, मग धाकट्याला, एकाच ताटानं. वाकड्या हातानं ताट गोल फिरत नव्हतं, एका बाजूला हेलकावत होतं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकानं ओवाळणी टाकली आणि एकदम वाकून तिच्या पायांना हात लावला. मोठ्या बहिणीच्या पाया पडण्यात काही नवल नाही, पण काका कुणाच्या पाया पडणारा माणूस नव्हता.

त्यानंतर दरवर्षी दोघं आले. एकमेकांशी बोलले असं मात्र नाही. भिंत तशीच राहिली. बाबांचा हात उठायचा बंद झाला असंही म्हणता येणार नाही, मी त्यानंतरही बराच मार खाल्ला आहे. पण काकावर उठला नाही. आणि आत्याची पाटी चढावरून बाबा स्वतःच्या डोक्यावर घेऊन यायला लागले, तिच्या खोलीतलं पाणी काका भरायला लागला. तिनं कसलीतरी शपथ घातली असेल, असं आम्ही धरून चाललो. विचारायची सोय नव्हती.

पार्लरमधली पोरं मात्र तिच्या मागेच लागली. "आत्या, त्या गोष्टीचं काय झालं? कोण जिंकला?"

"दोगं घरी गेले," ती म्हणाली.

"पण मशिनमध्ये तर..."

"मशिनला कं ठाव?"

पुढे पार्लर बंद झालं. घराघरात गेम आले, त्यांत इंग्रजीत नीट लिहिलेल्या, बोलून दाखवलेल्या गोष्टी आल्या. माझ्या भाचरांना खेळताना मी पाहायचो. कोण कुणाला का मारतो हे सगळं आधीच सांगितलेलं, आणि हूं म्हणायला कुणी नाही. मी डोंबिवलीला राहायला गेलो. चुलतभाऊ शीळफाट्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. त्याच्या ओठावर अजून व्रण आहे आणि माझं नाक डावीकडे झुकलेलं आहे. भेटलो की तो ते दाखवून लोकांना हसवतो.

दशक संपता संपता आत्या गेली. पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. त्या वर्षी भाऊबीजेला मी गावात आलो तर ओट्यावर दोन पाट मांडलेले. कुणी मांडले ते कळलं नाही. बाबा येऊन एकावर बसले, काका येऊन दुसऱ्यावर. दोघांचे केस पांढरे. ओवाळायला कुणी नव्हतं. ते नुसते बसून राहिले, सवयीनं मान खाली घालून. मी आणि चुलतभाऊ पायरीवर उभे होतो. माझी आई आणि काकी आपापल्या दारांत.

बऱ्याच वेळानं बाबा बोलले. भिंत झाल्यापासूनचं भावाशी पहिलं वाक्य.

"तिचा हात मी मोडला. माजं वल्हं लागलं तिला. मना तिनं सांगितलं."

काकानं मान वर केली. "कं बोलतंस?"

"पाडव्याचे दिवशी. कानात. म्हनली, तुजंच लागलं, मी कुनाला सांगितलं नाय, सांगनार पन नाय, फक्त आता दुसऱ्यांदा मोडू नको."

"खोटं," काका म्हणाला. तो उठून उभा राहिला. "माजं लागलं. मना सांगितलं तिनं. ह्याच शब्दांनी."

"तुजं वल्हं ओट्यावर आपटलं."

"तुजं आपटलं. माजं लागलं. धा वरसं मी ते घेऊन फिरतंय, नि तू आता येऊन म्हनतंस माजं?"

बाबांनी त्याची कॉलर धरली. काकानं त्यांची. पाट उलटले. दोन म्हातारे एकमेकांना भिंतीवर ढकलत होते, एकाच्या शर्टाची बटणं तुटून पायरीवर घरंगळली, आणि दोघंही रडत ओरडत होते, "माजं वल्हं, माजं." आई किंचाळली, "अरे सोडवा त्यांना."

आम्ही दोघं पुढे झालो आणि मध्येच थांबलो. चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं. गिरणीवरून परत येतानाचं आत्याचं ते "ज्याचा त्याला?" मला आठवलं, आणि त्यालाही आठवलं असणार, कारण तो हळूच म्हणाला, "हूं."

मीही म्हणालो.